दोन तासांचे काम आणि पंधराशे रुपये



आजच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. या दाखल्यावरील बहुतेक प्रवचने पहाटे कामाला लागलेल्या मजुरांच्या कुरकुरीवर असतात. मीही आजवर त्यावरच बोलत आलो. या वेळी मात्र माझे लक्ष सर्वात शेवटी आलेल्या मजुरांकडे गेले. दिवस मावळायला एक तास उरला असताना ते मळ्यात आले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचे काम ‘पार्ट टाइम’ होते.

लक्ष तिकडे जाण्याचे कारण म्हणजे दीड महिन्यापूर्वी ऑफिसात भेटायला आलेली आपल्याच धर्मग्रामातील एक भगिनी. तिच्या परवानगीने लिहितो आहे आणि काही तपशील बदलले आहेत. कोण ती, हे कृपया शोधत बसू नका. हे पापनिवेदनात ऐकलेले नाही, हेही सांगून ठेवतो.

ती विधवा आहे, वय पन्नाशीच्या आतले, मुलगी बारावीत. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. जवळच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये एका घरी सकाळी दोन तास पोळी-भाजीचे काम मिळत होते, पगार दोन हजार. तिने मला विचारले, “फादर, हे काम घेऊ की नको?”

मी म्हणालो, “घ्या की ताई, त्यात विचारायचे काय?”

तेव्हा तिने पिशवीतून वहीचा एक कागद काढला. त्यावर मुलीने हिशेब मांडला होता. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. महिन्याला दोन हजार मिळाले की वर्षाचे २४,००० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. मग अनुदानाचे १८,००० रुपये बंद. हातात जास्तीचे राहिले वर्षाला ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. शेअर रिक्षाचे जाता-येता वीस रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ५२० रुपये. महिनाभर रोज दोन तास दुसऱ्याच्या गॅससमोर उभे राहून वीस रुपयांचा तोटा.

मी कागद दोनदा तपासला. गणितात चूक नव्हती.

कुणी विचारील की, मग तिने लाडकी बहीण योजनेत नाव का घातले नाही? २०२४ साली सुरू झालेल्या त्या योजनेतही दीड हजारच होते आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. परंतु दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच रक्कम घेणारी स्त्री तिथे पात्र नव्हती. हातातले सोडून नव्याच्या मागे कशाला जायचे, असे तिला वाटले. पुढे फरक लक्षात आला तोवर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अर्ज घेणे बंद झाले होते. एका योजनेची मर्यादा अडीच लाख आणि निराधारांसाठीच्या योजनेची एकवीस हजार, यामागचा तर्क मला सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकूनही उलगडलेला नाही. निराधार योजनेची रक्कम सहाशेवरून हजार झाली, २०२३ मध्ये दीड हजार झाली. या दोन्ही वेळी उत्पन्नाची मर्यादा होती तिथेच राहिली.

तिसरा मार्ग तिला सगळ्यांनी सांगितला होता. काम घ्यायचे, पगार रोख घ्यायचा, दाखल्यासाठी अर्ज करताना घोषणापत्रावर उत्पन्न वीस हजार लिहायचे. “सगळ्या बाया तेच करतात, फादर. पण खाली सही करताना ‘वरील माहिती खरी आहे’ असे लिहावे लागते. म्हणून विचारते, पाप लागेल का?”

मी तिला काय उत्तर दिले ते सांगायला मला संकोच वाटतो. मी म्हणालो, “खरे तेच लिहा ताई, बाकीचे देव पाहून घेईल.” ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. त्यानंतर मी जेवायला बसलो. ताटात भात, माशाचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. यातले काहीच मी विकत आणलेले नव्हते की रांधलेलेही नव्हते. देव पाहून घेईल हे वाक्य भरल्या ताटासमोर बसणाऱ्याला फार सहज सुचते.

माझे उत्तर चुकीचे होते असे मी म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार मानले आहेत: दुसऱ्याला इजा करण्यासाठी सांगितलेले, गंमत म्हणून सांगितलेले आणि कुणाच्या तरी उपयोगासाठी सांगितलेले. तिन्ही पापच, परंतु तिन्हींचे वजन सारखे नाही, असे ते म्हणतात. मुलीच्या फीसाठी चार हजारांचा आकडा लपवणारी विधवा आणि व्यापारात लाखोंचे उत्पन्न लपवणारा गृहस्थ यांना एकाच मापाने मोजणारा धर्मगुरू तराजू नीट धरत नाही. तरीही खोट्याला खोटेच म्हणावे लागेल. ते ‘चालते’ असे मी तिला सांगितले असते, तर तिच्या मनातली जी चांगली गोष्ट तिला माझ्याकडे घेऊन आली होती तिलाच मी दुखवले असते. माझी चूक अशी की मी अर्धेच उत्तर दिले. खरेपणाची पूर्ण किंमत मी तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवली आणि प्रार्थनेला निघून गेलो.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भेटली. ज्या घरी काम मिळणार होते तिथल्या मालकिणीने तोडगा काढला होता: “मी तुला सतराशेच देते. म्हणजे मर्यादेत बसेल, तुझे अनुदानही राहील आणि खोटेही बोलावे लागणार नाही.” हिशेब बरोबर आहे. वर्षाचे २०,४०० होतात. बाईला दोन्ही मिळून महिन्याला ३,२००, खोटे घोषणापत्र नाही आणि मालकिणीचे तीनशे रुपये वाचले. सगळे खूश. मीही क्षणभर खूश झालो.

मग मला सेमिनरीत इतिहासाच्या तासाला ऐकलेले इंग्लंडमधील एक गाव आठवले. गावाचे नाव स्पीनहॅमलँड. १७९५ साली भाकरी महाग झाली तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी ठरवले की, मजुराची मजुरी कमी पडेल तर पावाच्या भावाप्रमाणे आणि घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे उरलेली रक्कम पॅरिशच्या गरीबनिधीतून द्यायची. (त्या काळी तिथे गरिबांची व्यवस्था पॅरिशकडे असे.) हेतू दयेचाच होता. परंतु मजुरी कमी दिली तरी पॅरिश भर घालतेच, हे शेतमालकांना कळले. मग मजुरी वाढवायची कशाला? किती गावांत आणि किती प्रमाणात असे घडले याबद्दल इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. १८३४ साली नवा कायदा आला, त्याने बाहेरची मदत आवळली आणि गरिबांना वर्कहाउसची वाट दाखवली. दोष मात्र मजुराच्या आळसाला दिला गेला.

त्याच इंग्लंडमध्ये अलीकडे वेगळी पद्धत आहे. २०१३ पासून आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये माणूस कमवू लागला की मदत एकदम तुटत नाही, कमाईच्या प्रमाणात कमी होत जाते. २०२१ च्या शेवटी हे प्रमाण एका पौंडामागे ५५ पेन्स करण्यात आले. तीही पद्धत निर्दोष नाही, पण तो उतार तरी आहे. आपल्याकडे कडा आहे. १,७५० रुपयांपर्यंत चालत जायचे, पुढच्या पावलाला खाली खोल दरी.

पवित्र शास्त्रात याहून जुनी एक योजना आहे. लेवीयच्या १९ व्या आणि अनुवादाच्या २४ व्या अध्यायात परमेश्वर शेतमालकाला आज्ञा देतो की, शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको. तो गरिबासाठी, परक्यासाठी, विधवेसाठी ठेव. भातकापणीनंतर खळ्यावर आणि बांधावर सरवा वेचणारी माणसे आपल्यातील वयस्कांनी पाहिली आहेत. यातले मर्म असे की गरिबाला मदतही मिळते आणि त्याचे काम त्याच्याकडेच राहते. रूथ दिवसभर वेचत राहिली आणि संध्याकाळी झोडून एफाभर सातू घरी घेऊन गेली. तिने जास्त वेचले म्हणून बवाजने कुणाला मोजमाप करायला पाठवले नाही. उलट, पेंढ्यांतून मुद्दाम थोडे काढून तिच्या वाटेवर टाका आणि तिला रागावू नका, असे त्याने गड्यांना सांगितले. दुपारी तिला आपल्या माणसांबरोबर जेवायलाही बसवले. (कामाच्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवणारी घरे आपल्या धर्मग्रामात अजून आहेत, हे मी घर-आशीर्वादाच्या वेळी पाहिले आहे.)

मिस्सानंतर पोर्चमध्ये होणारी चर्चा माझ्या कानावर येते. “पंधराशे मिळायला लागल्यापासून कामाला बाई मिळत नाही.” “फुकटचे खायची सवय लागली.” मग कुणीतरी संत पौलाचा आधार घेतो: ज्याला काम नको त्याने खाऊही नये. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ते वचन काम करण्याची इच्छाच नसलेल्यांसाठी आहे. काम न मिळालेल्यांसाठी किंवा काम करून तोटा होणाऱ्यांसाठी नाही. दाखल्यातील मालकाकडे पाहा. दिवस मावळतीला तो बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो की, दिवसभर रिकामे का उभे आहात? आम्हाला कुणी कामाला लावले नाही, असे ते सांगतात. तो त्यांच्यावर विश्वास ठेवतो. वसई-विरार पट्ट्यातील कोणत्याही मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर जाऊन बघा. जे अजून उभे असतात ते आळशी म्हणून उभे नसतात. आळशी माणूस पहाटे सहाला नाक्यावर येत नाही.

आणि संध्याकाळी मालक काय देतो? एक दीनार, म्हणजे त्या काळची पूर्ण दिवसाची मजुरी. मजुराने एक तास काम केले असले तरी त्याच्या घरी रात्रीची चूल पूर्णच पेटायची असते. हा व्यवहार धंद्यात बसत नाही हे मला कळते. तुमच्यापैकी दुकान चालवणारे हसतील. परंतु परमपूज्य तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात जी गोष्ट मांडली ती धंद्यातही बसते. गरजेपोटी मजुराने कमी मजुरीला होकार दिला तर तो होकार खरा नव्हे, त्याच्यावर झालेली ती जबरदस्ती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले ते याच परिपत्रकाची आठवण ठेवून. दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये बेकारांना मदत देणे हे कर्तव्य मानले आणि त्याच पत्रात पुढे न्याय्य वेतनाचीही मागणी केली. दोन्ही एकत्र. मदत हा न्याय्य वेतनाचा पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून सतराशेच्या त्या तोडग्याने माझे समाधान झाले नाही. मालकीण वाईट नाही, तिने मनापासून मार्ग शोधला. पण काम परवडेल की अनुदान, हा प्रश्न आपण त्या विधवेला विचारतो आणि पगाराचा आकडा मात्र आपल्या स्वयंपाकघरात ठरतो. तोच आकडा साडेचार हजार असता तर मुलीच्या वहीतला हिशेब वेगळा आला असता. अनुदान बंद होऊनही, रिक्षाचे वजा जाऊन, तिच्या हातात महिन्याला जवळजवळ अडीच हजार जास्त राहिले असते आणि सही करताना हात अडखळला नसता.

हे सर्व लिहिण्याआधी मी आपल्या पॅरिशची वही काढली. चर्चच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या बाईंना, रोज अडीच तास, आपण महिन्याला २,२०० रुपये देत होतो. हा आकडा २०१९ पासून तसाच होता. तिची पगारवाढ मागायला कुणी आले नाही म्हणून ती झाली नाही. ती दर रविवारी मागच्या बाकावर बसते आणि माझी प्रवचने ऐकते. पॅरिशच्या अर्थसमितीपुढे मी विषय ठेवला. एका सदस्याने विचारले, “फादर, तिला सरकारचे काही मिळत असेल ना?” मी म्हणालो, “मला ठाऊक नाही आणि पगार ठरवताना मला ते ठाऊक असायची गरजही नाही.” या महिन्यापासून तिचा पगार पाच हजार केला आहे. सात वर्षांची थकबाकी कशी भरून काढायची हे अजून ठरलेले नाही.

त्या भगिनीने काम अजून घेतलेले नाही. मालकिणीशी तिचे पुन्हा बोलणे व्हायचे आहे, आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा कोरा अर्ज तिच्या पिशवीतच आहे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात दोन टेबले मांडली जातील. एका टेबलावर निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज खरी माहिती देऊन भरायला मदत केली जाईल. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. दुसरे टेबल घरी कामाला बाई ठेवणाऱ्यांसाठी आहे. तिथे मी स्वतः बसणार आहे. येताना तासांचा आणि पगाराचा आकडा कागदावर लिहून आणावा.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू