अभ्यास कोणाचा?

मुलाच्या अभ्यासास आईबापांनी जवळ बसावे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पूर्वी दिवेलागणीस घरोघर परवचा होई. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर पावकी-निमकी मागे पडत गेली. पण तीत एक मर्म होते : रोज, ठरल्या वेळी, थोडेथोडे. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली हेच दाखविले, की विभागून केलेली उजळणी अधिक टिकते. तेव्हा वेळ पाळविणे हे वडिलांचे काम खरे. परंतु आम्ही (कबूल करावयास लाज वाटते) एकदा चिरंजीवांचे अडलेले गणित स्वतःच सोडवून दिले. दुसऱ्या दिवशी वहीवर गुरुजींची शाबासकी आली. मुलाने ती वही मुकाट्याने आमच्यापुढे ठेविली व म्हणाला, "बाबा, ही तुमची."