गिरणीच्या जागेचा धनी कोण?

गिरणीचा भोंगा कायमचा बंद पडला, म्हणजे तिच्या जागेचें पुढें काय करावें, हा प्रश्न बहुधा इंजिनियर, वकील आणि सावकार यांजवर सोपविला जातो. आमच्या मतें तो प्रथम नीतीचा प्रश्न आहे, आणि नेसरीसारख्या गांवीं तो अधिक स्वच्छ दिसतो. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या टापूंतील कितीएक घरांनीं आपला कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत धाडला. तो लालबाग-परळच्या खोलींत पाळीपाळीनें निजला, खाणावळींत जेवला, आणि मनिऑर्डरीवर त्यानें गांवाकडचें घर राखलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहींत. त्यांच्या जमिनीचा भाव मात्र चढत गेला. तो चढविला कोणीं? मालकानें त्यासाठीं एक वीटही रचली नव्हती. आगगाडी, रस्ते, नळाचें पाणी आणि भोंवतीं वसलेली श्रमिकांची वस्ती यांनीं त्या मातीला मोल आणलें. कामगारास मजुरी मिळाली, तेव्हां हिशेब मिटला, असें कोणी म्हणतात. मजुरीनें दिवसाचें काम फिटतें. शहर वसविल्याचें ऋण तिनें कसें फिटावें?

१९९१ च्या विकास नियमावलींत हें ऋण अर्धेमुर्धें मान्य झालें होतें. जमिनीचा सुमारें एक तृतीयांश भाग उद्यानें व मैदानें यांसाठीं महापालिकेस, जवळजवळ तितकाच सार्वजनिक गृहबांधणीस, आणि उरलेला मालकास, अशी ती वांटणी होती. २००१ सालीं हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता करण्यांत आला. आतां गिरणीच्या आवारांत मोकळी जमीन ती किती असणार! २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल वैध ठरविला. वैध म्हणजे न्याय्य असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. घरांसाठीं दीड लाखांवर कामगारांनीं व वारसांनीं अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघाल्या, परंतु घरें अर्जांच्या मानानें थोडींच.

जुन्या जागा ओसाड ठेवाव्या, असा आमचा आग्रह नाहीं. घरें, दुकानें, कचेऱ्या एके ठिकाणीं नांदविण्याची कल्पना आज नवी म्हणून मिरवते. गिरणगांवांत चाळ, बाजार, आखाडा आणि कारखाना हाकेच्या अंतरावर नांदतच होते. नव्या वस्तींत फरक पडला तो भिंतीचा. फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज दुकानांचा झगमगाट आहे. तेथें जुन्या साचेवाल्याचा नातू शिरला, तर गिऱ्हाईक म्हणून किंवा पहारेकरी म्हणून.

कोल्हापुरास हा प्रश्न अद्याप उरला आहे. कोटितीर्थाच्या काठची, शाहू महाराजांनीं १९०६ सालीं स्थापिलेली गिरणी २००३ सालीं बंद झाली. महाराजांच्या स्मृतिशताब्दीस, २०२२ सालीं, लोक त्या आवारांत पुन्हा जमले. तेथें महाराजांचें स्मारक व्हावें, हा विचार पुष्कळ दिवसांचा आहे, आणि तें व्हावेंच. येथें तर खाजगी मालकाच्या नफ्याची सबबही नाहीं. जागा सरकारी महामंडळाची. तेव्हां स्मारकाशेजारीं गिरणीकामगारांच्या मुलांनातवांस भाडें झेपेल अशा खोल्या किती, त्यांच्या हातांना काम देणारीं दालनें किती, आणि तळ्याकडे जाणारी वाट सर्वांस खुली राहणार कीं नाहीं, हें कोल्हापूरकरांनीं आराखडा मागवून आधींच विचारावें.