पहाटेची लाईन

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला, की आपल्या शाळांतून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या बालपणाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रामेश्वरमचा एक साध्या घरातला मुलगा पहाटे वर्तमानपत्रे टाकीत असे आणि पुढे तो देशाचा राष्ट्रपती झाला. महाराष्ट्र शासन २०१५ पासून हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळते. वृत्तपत्र विक्रेत्यांच्या संघटनाही तो आपला दिवस मानतात. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. परंतु तिच्या आधाराने आपण वडीलधाऱ्यांनी एक निष्कर्ष काढून ठेवला आहे : ज्या अर्थी पेपर टाकून कलामांचे काही बिघडले नाही, त्या अर्थी कोणत्याच मुलाचे बिघडत नाही, उलट त्यास वळणच लागते. या निष्कर्षाची थोडी झडती घ्यावी, असे आमच्या मनात आहे.

त्यासाठी रामेश्वरमला जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातले दोंडाईचा पुरेसे आहे. शिंदखेडा तालुक्यातील हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेले. मिरचीच्या बाजारासाठी सर्वांस ठाऊक असलेले. अशा गावी मोठी दैनिके छापली जात नाहीत. ती जळगाव-धुळ्याकडून रात्रीच्या गाडीने येतात. अंधारातच गठ्ठे उतरतात, दोऱ्या कापल्या जातात, मुख्य अंकात पुरवण्या घातल्या जातात आणि मोजलेले अंक सायकलींच्या हँडलला लागतात. एकाने रोज ठरलेल्या घरांत अंक टाकायचे, त्यास या धंद्यात 'लाईन' म्हणतात. लाईन धरणाऱ्यांत प्रौढ माणसे असतात, तशी शाळकरी मुलेही असतात. जानेवारीत धुळे जिल्ह्याचा पारा कित्येकदा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. त्या थंडीत ज्याने सायकल चालवली आहे, त्यास ब्रेकवरची बोटे बधिर होणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

याच परिसरात हंगामात मिरची वाळत पडते. आईच्या शेजारी बसून मिरचीचे डेठ खुडणारे मूलही कष्टच करते. त्याच्या बोटांची आग संध्याकाळी भाकरी खातानाही जात नाही. त्या मुलास कोणी व्यासपीठावर बोलावून शाल देत नाही. पेपर टाकणाऱ्या मुलाचे मात्र कौतुक होते. हा भेद कुठून आला? आम्हांस वाटते, मिरची खुडणारे मूल आपल्या दारात येत नाही. पेपर टाकणारे येते. त्याच्या श्रमाचे फळ आपण चहाबरोबर रोज घेतो. ज्याचे देणे लागतो, त्याची स्तुती केली की देणे थोडे फिटल्यासारखे वाटते. स्तुती स्वस्त असते, एवढे मात्र खरे.

आता कलामांची मूळ हकिकत पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला आगगाडीचा थांबा बंद झाला. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम रोड आणि धनुष्कोडी यांच्या दरम्यान धावत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले. ते गोळा करण्यास त्यांचे नात्यातील भाऊ शमसुद्दीन यांना मदतीचा हात हवा होता. तो हात या मुलाने दिला आणि आयुष्यातील पहिली कमाई मिळवली. म्हणजे काम घरचे होते, अडचण युद्धकाळापुरती होती, आणि पुढे रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कुलात जाण्याची वेळ आली तेव्हा मुलगा काम सोडून शिकावयास गेला. त्याच्या कमाईवर घराची चूल अडलेली नव्हती. गोष्ट सांगताना आपण पहाट सांगतो, सायकल नसताना केलेली पायपीट सांगतो. तो मुलगा ते काम खाली ठेवू शकला, हे सांगावयाचे राहून जाते. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे.

मुलाच्या कामाची कसोटी आम्ही एका साध्या प्रश्नाने घेतो. उद्या त्यास ताप आला तर काय होईल? आईने कपाळावर हात ठेवून 'आज नको जाऊ, बाळा' म्हटले आणि तो पांघरूण ओढून पुन्हा झोपला, लाईनीची सोय दुसऱ्या कोणी केली, तर ते काम मुलाचे आहे. त्या मुलास त्यातून हिशेब कळेल, माणसे कळतील, कोणत्या दाराशी कुत्रे आहे आणि कोणत्या घरात एकटी आजीबाई त्याच्या घंटीची वाट पाहत असते, हे कळेल. हे शिक्षण आम्ही कमी लेखीत नाही. परंतु तापातही त्यास उठावे लागत असेल, कारण खाडा झाला तर पैसे कापले जातात, दोन खाडे झाले तर लाईन जाते आणि लाईन गेली तर घरभाडे थकते, तर ते काम मुलाचे नव्हे. ते घराचे ओझे आहे आणि ते चुकीच्या खांद्यावर आलेले आहे.

श्रमाच्या संस्काराचे वावडे आम्हांस असण्याचे कारण नाही. प्रभू येशूचे बालपण नाझरेथला संत योसेफच्या कर्मशाळेत गेले, असे आपण पिढ्यानपिढ्या मुलांना सांगत आलो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांना श्रम करून शिकावयास लावले. 'कमवा व शिका' हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसले ते त्यांच्यामुळे. पण तिथे काम शाळेच्या अंगणात होते, शिक्षकाच्या नजरेखाली होते, आणि ते शिकण्यासाठी होते. काम आणि शिक्षण यांची ओढाताण झाली, तर कोणी मागे हटायचे हे आधीच ठरलेले होते. दोंडाईच्याच्या लाईनीवर ते कोणी ठरवलेले नसते.

संत जॉन बॉस्को यांचे उदाहरण आपल्या धर्मग्रामांत फारसे सांगितले जात नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने देतो. १८५१-५२ च्या सुमारास तुरीन शहरात खेड्यांतून आलेली मुले कारागिरांकडे राबत होती. डॉन बॉस्को यांनी त्यांना काम सोडा म्हटले नाही. घरी परत जाण्याजोगे त्यांना घरच नव्हते. त्यांनी मालकाशी लेखी करार केले. मुलास धंद्याचेच काम सांगावे, घरगडी म्हणून राबवू नये. चूक झाली तर शब्दाने सुधारावी, हात उगारू नये. रविवार व सणाचे दिवस मोकळे ठेवावेत. वर्षाकाठी सुटी द्यावी. करारावर मालकाची सही, मुलाची सही आणि डॉन बॉस्कोंचीही सही. मुलाच्या बाजूने एक मोठा माणूस सही करून उभा आहे, ही त्या कागदातली खरी गोष्ट. चाळीस वर्षांनी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात मुलांचे शरीर आणि मन पुरते तयार होण्याआधी त्यांना कारखान्यात लावण्याविरुद्ध इशारा दिला. वसंतात अकाली आलेल्या थंडीने कोंब करपतात, तशी त्यांनी त्याची तुलना केली.

आपल्याकडे कायदाही आहे. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याने मुलांना सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात कामास लावण्यास मनाई केली. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामास ठेवणे बंद झाले. घरच्या कामात शाळा सांभाळून मदत करण्याची मुभा राहिली, आणि तीतही सायंकाळी ७ ते सकाळी ८ ही मनाईची वेळ २०१७ च्या नियमांनी कायम ठेवली. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांनाही तीच वेळ लागू आहे. वाचकांनी क्षणभर घड्याळाकडे पाहावे. वर्तमानपत्र टाकण्याचे सगळे काम या आठच्या आत आटोपते. आठनंतर आलेला पेपर आपण शिळा म्हणतो आणि महिनाअखेर विक्रेत्याकडे तक्रार करतो.

ही वेळ कायदेपंडितांनी उगाच ठरवलेली नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तासांची झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. साडेचारला उठणाऱ्याने साडेआठाला निजले पाहिजे. एका खोलीचे घर, दहापर्यंत चालणारा दूरचित्रवाणी संच, उशिरा परतणारा बाप, शेजारचे लग्न : साडेआठाला कोण निजू देतो? झोपेची ही तूट शाळेत भरून निघते, तिसऱ्या तासाला, भूगोलाच्या पुस्तकावर डोके टेकून. गुरुजी त्यास आळशी म्हणतात. गावातला सर्वांत लवकर उठणारा मुलगा वर्गात आळशी ठरतो, याची गंमत वाटावी की खंत?

यावर कोणी म्हणेल, 'पण फादर, तो नोकर कुठे आहे? तो स्वतःच्या पायावर उभा राहणारा छोटा उद्योजक आहे.' हा युक्तिवाद जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर पेपर विकणाऱ्या मुलांना असेच छोटे व्यापारी मानले जाई. ती मुले अंक रोखीने विकत घेत, उरलेले त्यांच्याच गळ्यात पडत. १८९८ च्या युद्धात खप वाढला तेव्हा शंभर अंकांचा भाव पन्नास सेंटांवरून साठ झाला. युद्ध संपल्यावरही पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या पत्रांनी तो उतरवला नाही. जुलै १८९९ मध्ये मुलांनी संप केला. सुमारे दोन आठवड्यांनी तडजोड झाली : भाव साठच राहिला, पण न खपलेले अंक परत घेण्याचे मालकांनी कबूल केले. १९३८ मध्ये त्या देशात बालमजुरीवर केंद्रीय कायद्याने निर्बंध आले. मात्र घरोघर पेपर टाकणाऱ्या मुलांना त्यातून पुढे सूट मिळाली, ती आजही आहे. व्यापारी म्हटले की जोखीम त्याची आणि सोय आपली. शब्द गौरवाचा असला, तरी हिशेब तोच राहतो.

मग गरीब घराने काय करावे? हा प्रश्न टाळून वर आम्ही जे लिहिले, त्यास अर्थ नाही. मुलाच्या हातची लाईन काढून घ्यावी आणि घराला रिकाम्या हाताने सोडावे, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. लाईन मोठ्या माणसाने धरावी, तिचे मोल मोठ्या माणसाचे घर चालेल इतके असावे, आणि ते वाचकाने द्यावे. पहाटेची सेवा प्रौढाकडून घेतली तर ती महाग पडेल. पडू द्यावी. ज्यास ते परवडत नसेल, त्याने साडेआठाला पेपर वाचावा. सुटीच्या दिवशी बिले पोहोचवणे, हिशेबाची वही लिहिणे, अशी आठनंतरची, हलकी आणि सोडता येण्याजोगी कामे मोठ्या मुलास देता येतील. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रे कित्येक दिवस घरी आली नाहीत, एप्रिलमध्ये तर राज्य शासनाने घरपोच वाटपच थांबवले होते. तेव्हा आपण पेपरावाचून राहिलो. दोन तास उशीर त्या मानाने काहीच नाही.

रविवारचे एक सांगावयाचे राहिले. रविवारचा अंक पुरवण्यांमुळे आठवड्यात सर्वांत जड असतो. निर्गमाच्या पुस्तकातील शब्बाथाच्या आज्ञेत पुत्र, कन्या, दास, दासी आणि गुरेढोरे यांचीही विश्रांती सांगितली आहे; आपल्या विश्रांतीसाठी दुसऱ्याने राबू नये, हा तिचा आशय. वर्तमानपत्रांस मात्र २७ जानेवारी, १६ ऑगस्ट आणि आणखी मोजके दिवस सोडले तर सुटी नाही. रविवारी मिस्सेनंतरच्या धर्मशिक्षण वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलास उठवण्याआधी, त्याच्या बोटांना शाई लागली आहे काय, हे शिक्षिकांनी एकदा पाहून घ्यावे.

दहावीचे वर्ष लागले, की बहुतेक मुले लाईन सोडतात. आईबापच सांगतात, आता अभ्यासाकडे बघ. सायकल मात्र घरातच राहते. त्या घरी सातवीतला धाकटा भाऊ असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिची सीट खाली केलेली असते.