पोलीस नसलेले दिवस

झेंडावंदन आटोपलं असेल, तर जरा निवांत बसा. फोन पालथा घाला. श्वास आपल्या चालीनं चालू द्या.

आता १९३० सालचा मे महिना मनात आणा. सोलापूरच्या मे महिन्याचं ऊन सोलापूरकराला सांगायला नको. गांधीजींना ५ मेला पकडल्याची बातमी शहरात येऊन पोचली आहे, गिरण्यांत हरताळ आहे. ८ मेला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. जमाव बिथरला. कोर्टाची इमारत जळाली, पोलीसही मारले गेले. हेही डोळ्यांपुढून हटवू नका. सोयीचं तेवढंच आठवायचं तर मननाला बसायचं कशाला?

मग शहरातून सरकारी अंमल उठला. काही दिवसच, पण उठला. इथे थांबा. चौकात पोलीस नाही, जाब विचारणारा साहेब नाही. अशा शहरात तुम्ही असता तर पहिल्या सकाळी काय केलं असतं? उत्तराची घाई नको.

काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवर उभे राहिले. रहदारी बघू लागले, पहारा देऊ लागले. ते दिवस आपण भाषणांतून पुष्कळ मिरवतो. मला त्यातला हा पहाराच सगळ्यात मोलाचा वाटतो. साहेबाला घालवल्यावर गल्लीतल्या दुकानाची राखण कोणी करायची, हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही.

१२ मेला मार्शल लॉ आला आणि गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं. ती टोपी मनातल्या मनात हातात घ्या. पांढरी खादी, मधोमध घडी, कडेला धुऊन धुऊन विरलेली शिवण. वजन ते किती! दाराबाहेर लष्कराचा पहारा आहे. आई उंबऱ्यात उभी आहे, काही बोलत नाही. टोपी डोक्यावर, की खिशात? ‘खिशात’ असं उत्तर आलं तर ओशाळू नका. माझंही तेच येतं. त्या उत्तराजवळ थोडा वेळ बसा.

मग चार नावं घ्या, सावकाश, दोन नावांमध्ये श्वास घेऊन. मल्लप्पा धनशेट्टी. ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन. जगन्नाथ शिंदे. श्रीकिसन सारडा. आडनावावरून माणूस ओळखायची आपली खोड इथेही जागी होईल. होऊ द्या, आपोआप निवेल. त्या मे महिन्यातल्या घटनांवरून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं. संक्रांत दोन दिवसांवर होती, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते.

आता डोळे उघडा. संध्याकाळी बाहेर पडाल तेव्हा सात रस्त्याच्या चौकात पोलीस दिसला नाही, तरी लाल दिव्यावर गाडी थांबवा.