ठेव गिळणं हे चोरीत धरायचं की खोट्यात?

भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. म्हणजे पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून हजार रुपये काढता येतील, असा हुकूम. मुलुंड-घाटकोपरच्या खातेदारांच्या पासबुकात शिल्लक मात्र जशीच्या तशी छापलेली होती.

शाखांबाहेर गर्दी जमायच्या आत शहाणपण शिकवणारे जमले. सहकारी बँकेत जावंच कशाला, व्याजाचा मोह नडला. ऐकायला हे कर्मसिद्धांतासारखं वाटतं: लोभ केला, आता फळ भोगा. पण शेअर घेणारा जोखीम पत्करून बाजारात उतरतो, ठेवीदार ती टाळायलाच बँकेची पायरी चढतो. दोघांना एकाच तागडीत तोलणं हा आळशी विचार झाला.

याच उपनगरांतल्या जैन व्यापाऱ्यांच्या परंपरेत ठेव गिळण्यावर नेमका विचार आहे. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या सत्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, सांगितलेत. त्यांत कूटलेख, म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि न्यासापहार, म्हणजे ठेव गिळणं, हे दोन्ही येतात. ठेव गिळणं चोरीच्या रकान्यात का नाही? पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत उदाहरण आहे. ठेवीचा मालक रक्कम विसरतो, कमी मागतो; सांभाळणारा म्हणतो, ‘हो, इतकीच.’ तिजोरीला हात लागलेला नाही, नुसती मान डोलावली.

पीएमसीत मान डोलावणं वर्षानुवर्षं चाललं. २०१८-१९ च्या अहवालात ढोबळ अनुत्पादित कर्ज होतं ३.७६ टक्के. प्रत्यक्षात सुमारे ६,५०० कोटी, म्हणजे कर्जांपैकी जवळपास ७३ टक्के रक्कम, एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि ती झाकायला २१,०४९ बनावट खाती. लेखापरीक्षण व्हायचं, तपासणी व्हायची, आकडा तसाच पुढे सरकायचा. सूत्राच्या हिशेबाने पाप घडलं पहिलं खोटं खातं लिहिलं त्या दिवशी. पैसे बुडाल्याचं कळलं फार नंतर. आणि ते पाप लिहिणाऱ्याच्या नावावर जमा होतं. पासबुकावर विश्वास ठेवणाऱ्याने त्यातला वाटा का उचलावा?

व्यवस्था शिकली, पण दुसऱ्याच्या खर्चाने. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला. २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. आधी पाच लाखांपर्यंतची रक्कम, उरलेली टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत. शिवाय ३१ मार्च २०२१ नंतर, विलीनीकरणापासून पाच वर्षं पुरी होईपर्यंत व्याज नाही. मोठी ठेव असलेल्या सत्तरीतल्या माणसाला रक्कम पैशापर्यंत पाठ आहे आणि देणाऱ्यालाही ती मान्य आहे. शेवटच्या हप्त्याचं साल तेवढं २०३२.