अल्पसंख्य, बहुसंख्य आणि न्यायाची अमानत



पवित्र कुरआनच्या सूरह निसामधील 105 ते 112 या आयती एका चोरीच्या प्रकरणाच्या निमित्ताने अवतरल्या, असे तफसीरकारांनी नोंदवले आहे. मदीनेतील एका मुस्लिम घराण्यातल्या इसमाने चिलखत चोरले. चोरी उघडकीस येणार असे दिसताच त्याने ते एका यहुदी माणसाकडे ठेवले आणि आळ त्याच्यावर घातला. चोराचे भाऊबंद प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले व आपल्या माणसाची बाजू हिरीरीने मांडू लागले. वस्तू यहुद्याच्या घरी सापडली होती, आरोप करणारे कलमा पढणारे होते आणि त्यांचे घराणे वजनदार होते. अशा घटकेला अल्लाहकडून वह्य आली. तिने त्या यहुद्याला निर्दोष ठरवले आणि विश्वासघातक्यांची वकिली करू नये, अशी ताकीद दिली.

सत्ता मुस्लिमांची होती आणि निकाल मुस्लिम इसमाच्या विरोधात, एका गैरमुस्लिमाच्या बाजूने लागला. त्या आयती आपण आजही नमाजमध्ये पढतो. ज्या समाजाला चौदाशे वर्षे हा पाठ दिला जात आहे, त्याने अल्पसंख्याकांच्या हक्कांचा विचार कसा करावा?

आज हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आपणच येतो. ते स्वाभाविक आहे. तथापि, प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारावे, की एखादा हक्क आपला आहे म्हणून आपण त्याला न्याय्य म्हणतो, की तो न्याय्य आहे म्हणून आपला म्हणतो? पहिले उत्तर देणारा सत्तेतील वाटा मागत असतो. दुसरे उत्तर देणारा न्याय मागतो. मागणीचे शब्द दोघांचे एकच असतात, म्हणून हा भेद सहजी ध्यानात येत नाही.

आपल्याच मातीतील दाखला

या भेदाची पारख करण्यासाठी मराठवाड्यासारखी भूमी क्वचितच सापडेल. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात मुस्लिमांचे प्रमाण साधारण आठात एक एवढे होते. बाकीची बहुतांश प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी हिंदू. कारभाराची भाषा मात्र उर्दू होती आणि वरच्या जागांवर मुस्लिमांचा भरणा होता. म्हणजे संख्येने अल्प असलेला समाज सत्तेच्या बाजूला होता आणि संख्येने बहुल असलेला समाज दाराबाहेर उभा होता.

1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक ज्ञानविज्ञान उर्दूतून शिकवण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. मी दीन उर्दूतून शिकलो आणि पदवी मराठी साहित्यात घेतली. दोन्ही भाषांचे ऋण माझ्यावर आहे. म्हणूनच दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या मुलाची आई त्याच्याशी मराठीत बोलत होती, त्याला वरचे शिक्षण घेताना परक्या भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. सभा भरवायची तर ‘गश्ती निशान 53’ या फर्मानानुसार आधी सरकारी परवानगी हवी. अशा काळात, 1937 मध्ये, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे जमलेल्यांच्या मागण्या आज आपण करतो त्यांहून फारशा निराळ्या नव्हत्या: आमची भाषा, आमच्या शाळा, कारभारात आमचा आवाज.

काही जण म्हणतात, निजाम सरकारने मंदिरांनाही वर्षासने दिली. ते खरे आहे. परंतु वर्षासन ही मेहेरबानी असते. देणाऱ्याची मर्जी फिरली की ती बंद होते आणि घेणाऱ्याला दाद मागता येत नाही. हक्काचे तसे नाही. तो मागताना मान खाली घालावी लागत नाही. रमजानमध्ये पुढाऱ्यांनी दिलेली इफ्तारची मेजवानी आणि मोहल्ल्यात वेळेवर उघडणारी, शिक्षक असलेली सरकारी शाळा यांतील फरकही हाच आहे.

संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत रझाकारांनी हिंदू प्रजेवर अत्याचार केले. त्या वेळी ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या विरोधात आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने निर्भीडपणे लिहिले. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. सूरह निसाच्याच 135 व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे, की न्यायावर ठाम राहा आणि अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा आप्तांच्या विरोधात का जाईना. या तरुण संपादकाचे नाव आपल्या जुम्याच्या बयानात कितीदा येते?

बाजू पालटली तेव्हा

13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले ते मराठवाड्यातील अनेक मुस्लिम घरांत आजही खालच्या आवाजात सांगितले जाते. भारत सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने अत्यंत सावध अंदाजानेही 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचे नमूद केले. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याला बसली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. शेतात राबणाऱ्या, विणकाम करणाऱ्या ज्या गरिबांनी राजवाड्याचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांना राज्यकर्त्यांच्या धर्माचे म्हणून किंमत मोजावी लागली. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवले. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत आदेश आहे, की कोणत्याही लोकसमूहाच्या वैरामुळे न्याय सोडू नका. ही आयत ज्यांनी कधी ऐकलीही नव्हती, असे काही शेजारी त्या दिवसांत तिच्याप्रमाणे वागले.

पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी संस्थानाची त्रिभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला. भालकी आणि औराद ही गावे म्हैसूर राज्यात गेली. तेथील मराठी भाषक एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाले. माणसे तीच होती, घरे आणि शेतेही तीच. नकाशावरची रेघ तेवढी सरकली. अल्पसंख्य असणे हा कोणाचा जन्मजात गुण नाही की दोष नाही. इतिहास प्रत्येकाला कधी ना कधी त्या जागेवर बसवतो, आणि त्या जागेवरून उठवतोही.

हे इतरत्रही दिसते. नायजेरियाच्या उत्तर भागात मुस्लिम बहुसंख्य आहेत. स्वातंत्र्यापूर्वी, 1957 मध्ये, तेथील लहान जमातींना वाटणाऱ्या भीतीची चौकशी करण्यासाठी विलिंक आयोग नेमला गेला. त्यात उत्तरेकडील गैरमुस्लिम जमातींची भीतीही होती. आयोगाने 1958 मध्ये वेगळी राज्ये नाकारली आणि घटनेत मूलभूत हक्क लिहिण्याची शिफारस केली. पुढे 1979 च्या घटनेत प्रत्येक घटक राज्यातून किमान एक मंत्री घेण्याचे बंधन आले. तेथील बहुसंख्य मुस्लिमाला कुरआन जे विचारते, तेच इथल्या अल्पसंख्य मुस्लिमालाही विचारते. आयत एकच आहे; उत्तर देणाऱ्याची जागा वेगळी आहे.

संविधान आणि आपली जबाबदारी

पोलीस कारवाईला दोन महिनेही झाले नव्हते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितले, की अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांचे राज्य निष्ठेने स्वीकारले आहे. आता भेदभाव न करण्याचे कर्तव्य बहुसंख्याकांनी ओळखले पाहिजे. कलम 29 ने भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा, तर कलम 30 ने शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. कलम 30 धर्माने आणि भाषेने, दोन्ही प्रकारे अल्पसंख्य असणाऱ्यांना लागू आहे. परभणीतील उर्दू शाळेला आणि भालकीतील मराठी शाळेला आधार देणारे कलम एकच आहे.

संविधान हा करार आहे आणि करार पाळणे हे इमानचे लक्षण आहे. आपण तो दोन कसोट्यांवर पाळतो का, ते पाहावे.

पहिली कसोटी घरातली. आपल्यातही बहुसंख्य आणि अल्पसंख्य आहेत. पिंजारी, फकीर, छप्परबंद या बिरादऱ्यांतील किती जण मशिदीच्या कमिटीवर असतात? जालन्याहून उभ्या राहिलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिला सर्वाधिक विरोध कोठून झाला, हे आठवून पाहावे. भगिनींच्या वारसाहक्काचा आदेश तर कुरआनमध्येच आहे; तो आपल्या सातबाऱ्यावर किती दिसतो? सरकारकडे ज्या तोंडाने हक्क मागायचा, त्याच तोंडाने घरात नकार द्यायचा, हे अल्लाहपुढे टिकणार नाही.

दुसरी कसोटी शेजारची. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढच्या काही दिवसांत धरपकड झाली आणि न्यायालयीन कोठडीत असताना कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण मरण पावला. त्या मातेचे दुःख ‘त्यांचे’ आणि आपले दुःख ‘आपले’, असे मानणाऱ्याने हिल्फुल-फुजूल आठवावा. प्रेषितत्वापूर्वी मक्केत काही प्रतिष्ठितांनी पीडिताच्या, मग तो कोणीही असो, पाठीशी उभे राहण्याचा करार केला. प्रेषित (स.) त्यात सामील होते. इस्लाम आल्यानंतरही त्या कराराच्या नावाने कोणी हाक दिली तर आपण जाऊ, असे त्यांनी म्हटल्याचे वर्णन आहे. करार करणारे मुस्लिम नव्हते आणि ज्याच्यासाठी करार झाला तो परगावचा व्यापारी होता.

यावर कोणी म्हणेल, दुर्बलाने आधी स्वतःला सावरावे, मग इतरांकडे पाहावे. परंतु एकट्या दुर्बलाचे गाऱ्हाणे सत्तेला किरकोळ वाटते. निरनिराळ्या समाजांतील माणसे एकाच अन्यायाविरुद्ध उभी राहिली तर तिला ऐकावे लागते. हा झाला व्यवहार. दीनच्या दृष्टीने तर हिशेब आणखी सरळ आहे. हश्रच्या मैदानात कोणाची संख्या किती होती हे विचारले जाणार नाही. ज्याच्यावर आपला अधिकार चालत होता त्याच्याशी, आणि जो आपला कोणी नव्हता त्याच्याशी, आपण कसे वागलो, हे विचारले जाईल.

न्याय ही अमानत आहे. अल्लाह आपल्याला सामर्थ्यात आणि दुर्बलतेत, दोन्ही अवस्थांत, ती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.