भांड्यावरचं नाव

स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून मांडणी रिकामी केली आणि सगळी भांडी हॉलमध्ये सतरंजीवर आणून ठेवली. सहज मोजली. चमचे सोडून 107 निघाली. घरात माणसं दोन.

रंगाचे चार दिवस गॅलरीत एका शेगडीवर काढले. कुकर, तवा, कढई, तीन पातेली, परात, पोळपाट-लाटणं, पळी, गाळणं, सांडशी, दोन ताटं, चार वाट्या, दोन पेले. एवढ्यात वरण-भात झाला, पोळ्या झाल्या, एकदा थालीपीठही झालं. परातीचंच झाकण केलं. काही अडलं नाही.

सांडशीकडे मात्र मी या चार दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. आपल्या जुन्या पातेल्याला दांडा नसतो, कान नसतात, नुसता काठ असतो. म्हणून पाच पातेली एकात एक बसून एकाच पातेल्याची जागा घेतात. दांडा वेगळा ठेवलेला, सगळ्यांत मिळून एकच, त्याचं नाव सांडशी. पुढे प्रत्येक पॅन आपापला दांडा घेऊन आला आणि कपाटं पुरेनाशी झाली.

मग उरलेली नव्वदएक भांडी द्यायची का? बोहारीण आता आमच्याकडे येत नाही, आणि आली असती तरी ती जुने कपडे नेऊन भांडीच देऊन गेली असती. मोडीत घालायला काढावीत म्हणून एकेक उचलून पाहू लागले तर जवळजवळ प्रत्येकावर नाव. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, निम्मं घासून गेलेलं. एका पितळी पातेल्यावर सासूबाईंच्या आत्याचं नाव आणि 12-5-1968 ही तारीख. लग्नातला आहेर. वापरत नाही, पण मोडीत घालायला हात होत नाही.

आजवर मला वाटायचं, नाव घालायचं ते देणाऱ्याची आठवण राहावी म्हणून. सासूबाई म्हणाल्या होत्या ते आत्ता आठवलं: नाव नसेल तर भांडं परत कसं येणार? कार्य एका घरी असलं तरी भांडी आळीभरची यायची. पंगती उठल्या की घासलेल्या ढिगापुढे बसून एक जाणती बाई नावं वाचायची आणि पोरं ती घरोघर पोचवायची. कोकणात कित्येक गावांत मोठी भांडी गावकीची असत, देवळात ठेवलेली. एका घराच्या फडताळात थोडी भांडी असत त्यात गरिबी होतीच, तिचं उगाच कौतुक नको. पण बाकीची भांडी शेजारच्या फडताळात आहेत, हा भरवसाही होता. आता मागायचा संकोच वाटतो, म्हणून वर्षातून एकदा लागणारी वस्तूही आपण विकत आणतो. (मोदकपात्राची गोष्ट निराळी, ते सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं. पण त्याला पातेल्यावर चाळणी चालते.)

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी डोकावल्या. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. सतरंजीकडे पाहत चाचरत म्हणाल्या, "यातलं एखादं मोठं पातेलं मिळेल का हो? एका दिवसासाठी नवं काय घ्यायचं?" मी 1968 सालचंच दिलं. मागच्या दिवाळीत त्याला कल्हई करून आणली होती. दारापर्यंत जाऊन सांगितलं, "रिकामं तापवू नका हं, कल्हई जाईल." कथील 232 अंशांनाच वितळतं. नुसत्या पातेल्याखाली मोठा गॅस ठेवला की कल्हईचे ओघळ होतात आणि मग आमटी कळकते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातेलं परत आलं, राखेनं घासल्यासारखं लखलखीत. आत एक स्टीलची वाटी, तिच्यात प्रसादाचा शिरा, वर केळ्याचे दोन काप.

शिरा संपला. वाटी धुऊन सतरंजीवर ठेवली तेव्हा लक्षात आलं, आता 108 झाली. वाटीवर नाव नाही, पण कुणाची ते ठाऊक आहे. उद्या परत द्यायची, आणि रिकामी तर देता येत नाही. रव्याचे लाडू करावेत म्हणते.